राखणदाराची दुपारची फेरी

आठल्ये तणतणत देवळाबाहेर आले, पायरीशी पडलेल्या वहाणांमधला एक जोड त्यांनी पायांत सरकवला आणि मागे न पाहता ते उतारावरून चालू लागले. आत गाभाऱ्याशी न्हानू गुरवाच्या हातून तांब्या निसटला. सभामंडपात बसलेली तीस-चाळीस माणसे एकदम उभी राहिली. हाक मात्र कोणी मारली नाही.

“काय झालं?” मी शेजारच्या बाबल गावकरांना विचारले. ते गावचे पहिले मानकरी. देवापुढे गावाच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांचा.

“व्हायचा ता झाला. तुमच्या सायबांनी राखणदाराच्या व्हाणा घातल्यानी.”

“अहो, चुकून घातल्या असतील. थांबा, हाक मारतो.”

“हाक मारू नकात!” त्यांनी माझा दंड धरला. “व्हाणा पायात असताना राखणदाराक नावान हाक मारूची नसता.”

“पण ते आठल्ये आहेत!”

“मघाशी होते,” बाबल गावकर शांतपणे म्हणाले.

ही गोष्ट एकाहत्तर सालच्या श्रावणातली. मी तेव्हा पुण्यातल्या एका दिवाळी अंकाचा साहाय्यक संपादक होतो. म्हणजे लेखकांकडून मजकूर काढणे, त्याची मुद्रिते तपासणे आणि तो कमी पडला तर वाढवणे, ही तिन्ही कामे माझी. विश्वंभर आठल्ये हे आमच्या अंकाचे सगळ्यांत मोठे आकर्षण. आसामातला मांत्रिक, नेपाळातला कवटीधारी साधू, बस्तरच्या रानातला भगत असे कोणीतरी ते दर दिवाळीला घेऊन येत आणि लोक फराळाचे ताट पुढ्यात ठेवून ते भीत भीत वाचत.

वेळुखोलला येताना घाट उतरणाऱ्या एस.टी.त ते अचानक म्हणाले होते, “सबनीस, सहा वर्षं तुम्ही माझी मुद्रितं तपासता आहात. काही लक्षात आलं का?”

आले होते. मांत्रिक, साधू आणि भगत, तिघांच्याही डाव्या भुवईवर एकच चामखीळ होती. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

“चामखीळ ना? ती आमच्या शाळेतल्या ड्रिलमास्तरांची.” ते हसले नाहीत. “मी गेलो नाही असं समजू नका. सगळीकडे गेलो. स्मशानात झोपलो, गुहेत बसलो, दोनदा हिवताप घेऊन आलो. पण घडलं कुठेच काही नाही हो. जिथे जावं तिथे लोक चहा द्यायचे आणि मुलाला पुण्यात नोकरी मिळेल का म्हणून विचारायचे. मग घरी येऊन मी घडवायचो.” त्यांनी पाय सीटखाली ओढून घेतले. “अठ्ठावन्न पूर्ण होतील मला. एकदा, फक्त एकदा, जे घडेल ते तसंच लिहायचंय. पदरचं काही न घालता. तेवढं झालं की मग लिहिलं नाही तरी चालेल.”

एका वाचकाच्या पोस्टकार्डावरून त्यांना वेळुखोलची माहिती मिळाली होती. गावाच्या शिवेभोवती गाव सांभाळणारा अदृश्य राखणदार फिरतो. दरवर्षी त्याच्यासाठी चामड्याच्या नव्या वहाणा करून देवळाच्या पायरीशी ठेवतात. देवळात चामडे नेत नाहीत, म्हणून बाहेरच. वर्ष सरेपर्यंत त्या कोणी न घालताही झिजलेल्या असतात. आठल्यांनी दोन बॅटऱ्या, एक कंदील आणि अमावास्येची तारीख एवढी तयारी करून ठेवली होती.

“रात्रीचो?” बाबल गावकरांनी पहिल्याच भेटीत विचारले होते. “रात्रीचो कित्याक फिरात तो? रात्री माणसा घरात, गुरा गोठ्यात. राखूचा काय? आमचो राखणदार दुपारी बारा ते तीन. माणूस जेवान आडवो झालो की मगेच गुरा दुसऱ्याच्या शेतात शिरतत.”

आठल्यांचा चेहरा पडला होता. तरी त्यांनी वहाणांपाशी पाळत ठेवून बसण्याची परवानगी मागितली. वेळुखोलमध्ये परवानगी माणसे देत नाहीत, देव देतो. गुरव पाषाणाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवतो, मानकरी प्रश्न विचारतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. यालाच कौल म्हणतात. आठल्यांच्या प्रश्नाला तीनदा डावा कौल पडला. तिसऱ्यांदा ते उठले, आणि पुढचे सारे घडले. त्यांचे पाय अवाढव्य. मापाचे पादत्राण बाजारात मिळत नसल्यामुळे ते मुद्दाम करवून घेत. राखणदाराचेही तेच माप असेल, अशी कल्पना कोणी केली नव्हती.

पाव तासाने आठल्ये स्वतःच परत आले. “अहो, ह्या माझ्या नाहीत!” असे म्हणत ते वाकले, तोच सगळा सभामंडप ओरडला, “काढू नकात!”

बाबल गावकरांनी हात जोडून देवापुढे गाऱ्हाणे घातले.

“बा देवा म्हाराजा! आज ह्यो पुण्याचो पावणो, ह्येका तुझ्या मुलखाची रीत म्हायत नाय...”

“व्हय म्हाराजा!” सगळे एका आवाजात म्हणाले.

“रागान भायर गेलो, आणि राखणदाराच्या व्हाणा पायात घातल्यान...”

“व्हय म्हाराजा!”

“माप बरोबर बसला, म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!” या वेळी आवाजात थोडे कौतुक होते.

“तर चूक पोटात घाल, आणि फुडे काय करूचा ता सांग!”

दंड घ्यायचा का? डावी पाकळी पडली. वहाणा उतरवायच्या का? पुन्हा डावी. त्या घालून राखणदाराची फेरी मारायची का? उजवी पाकळी प्रश्न संपायच्या आतच टपकन पडली. किती दिवस? एकाला नकार, तिनाला नकार, सातावर उजवी पाकळी हलू लागली.

“सात दिवस?” मी घाबरून पुढे झालो. “बाबलराव, अंकाचे फॉर्म मशीनवर चढायचेत. साहेबांचा लेख अजून लिहायचाय!”

बाबल गावकरांनी शांतपणे मान डोलावली आणि ते देवाकडे वळले. “आणि ह्या दुसऱ्या पावण्याचो छापखानो खोळंबलो आसा, म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!”

पाच दिवसांवर तडजोड झाली. “देवान दोन दिवस सोडल्यान,” न्हानू गुरव मला बाजूला घेऊन म्हणाला. “छापखान्याचो मान ठेवल्यान हां.”

आठल्ये संतापतील अशी माझी खात्री होती. त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचे डोळे चमकत होते. “सबनीस,” ते पुटपुटले, “घडतंय!”

“बोलू नकात!” गुरवाने दटावले. “राखणदार बोलणा नाय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला फेरी सुरू झाली. शिवेचा घेर चार-साडेचार मैलांचा असावा. माझ्यासाठी वेगळा कौल लावून मला चाळीस पावले मागून चालण्याची मुभा मिळाली. आठल्ये पुढे, दोन्ही हात पाठीशी, मान ताठ. वाटेत जो भेटे तो तोंड फिरवून उभा राही. पण गप्प कोणी बसत नसे. खांद्यावर नांगर घेतलेला एक माणूस आंब्याच्या झाडाला उद्देशून म्हणाला, “कोणाक सांगतंय असा नाय, पण माझी रेडी सोमवारपासून खय गेली ती गावणा नाय.” पुढच्या वळणावर दुसरा एक जण बांधावरचा हद्दीचा दगड शेजाऱ्याच्या बाजूला सरकवत बसला होता. आठल्ये समोर येऊन थांबले. तो उठला, त्याने दगड मूळ जागी आणून ठेवला, आभाळाकडे पाहिले आणि म्हणाला, “उन्हात दगडसुद्धा सरकतत.” आणि निघून गेला.

ऐनाच्या झाडाखाली कोणीतरी पेटवून ठेवलेली विडी असे. आठल्यांनी जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी ते इतके खोकले की लांबच्या शेतात तण काढणाऱ्या बायकांनी कौतुकाने माना वळवल्या. राखणदार खोकलेला त्यांनी प्रथमच ऐकला होता. दुसऱ्या दिवशी पावसाची मोठी सर आली. राखणदाराला छत्री चालत नाही, असे कळले. पण पुढच्या वळणावर एक छत्री फांदीला अडकवलेली होती, अगदी कोणी विसरून गेल्यासारखी, आणि शंभर पावलांवर ती काढून घ्यायला एक बाई पाठमोरी उभी होती.

फेरीच्या याच दुसऱ्या दिवशी ओढ्यावर भागीकाकी भेटली. भागीरथी मेस्त्री; सत्तरीची, कमरेत वाकलेली, केस पांढरेशुभ्र. ती दगडावर बसून होती. आठल्ये ओढा ओलांडून गेले तशी ती उठली आणि आम्हां दोघांच्या मधून, त्यांच्या पाठीकडे पाहत चालू लागली.

“काल तिठ्यावरचा फणसाचा झाड पडला,” ती म्हणाली. “मोठा होता, तुका म्हायत आसा. बायग्याची सून बाळंत झाली, चेडू झाला, बायग्याक नात. माझ्या डाव्या डोळ्यान आता धुरकट दिसता, पण वसंताक ह्या सांगा नको. उगाच काळजी करीत रवतलो. त्येका इतक्याच सांग, घराक कौला नवी घातली, पाणी गळणा नाय.”

आठल्यांच्या पावलांची लय चुकली. ते वळले नाहीत.

संध्याकाळी मी बाबल गावकरांना तिच्याबद्दल विचारले. वसंत तिचा मुलगा. अकरा वर्षांपूर्वी बोटीवर खलाशी म्हणून गेला. चार वर्षांपासून पत्र नाही.

“ती दररोज दुपारी जाता,” ते म्हणाले. “कोण दिसो नाय दिसो, बोलता. तिचा म्हणणा असा, आमचो राखणदार शिवेपर्यंत जाता. शिवेच्या पलीकडे दुसऱ्या गावचो राखणदार. ह्यो त्येका सांगतलो, तो फुडच्याक. असा करत करत मुंबैक, आणि थयसून दर्यार.”

“आणि तुम्हांला काय वाटतं?”

“पोस्टान तरी दुसरा काय करतत?” बाबल गावकर म्हणाले.

पुढचे तीन दिवस ती रोज आली. तिने पावसाचा हिशोब सांगितला, कोण मेले, कोणाचे लग्न ठरले ते सांगितले. एकदा वसंताच्या लहानपणीचा एक खोडकर प्रसंग सांगून स्वतःच हसली. आठल्ये कधी बोलले नाहीत. पण तिला धाप लागली की ते पायातला काटा काढण्यासाठी खाली बसत. इतके काटे त्या वाटेवर नव्हते.

पाचव्या दिवशी शिवेच्या दगडापाशी ते थांबले. रोज ते तिथून डावीकडे वळत. त्या दिवशी ते दगडाला अगदी लागून उभे राहिले, पलीकडच्या गावाच्या रिकाम्या टेकडीकडे तोंड करून. मी चाळीस पावलांवर होतो. त्यांचे ओठ बराच वेळ हलताना मला दिसले. काय बोलले ते ऐकू आले नाही. भागीकाकी माझ्या पुढे हात जोडून उभी होती.

पुण्यात परतल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी लेख आणून दिला आणि ते तापाने अंथरुणाला खिळले. अकरा पाने. त्यांत कौल होता, दगड होता, विडी होती, पायाला आलेले फोड होते. भागीकाकीचे नावही नव्हते. शिवेचा तो क्षणही नव्हता.

मी त्यांच्या घरी गेलो. “काकींबद्दल काहीच नाही?”

“ती माझ्याशी बोलली नाही, सबनीस. राखणदाराशी बोलली. ते मी कसं लिहू?” ते पांघरुणातून म्हणाले. त्यांच्या तोंडावर ताप होता आणि इतके समाधान होते की मी तसाच उठलो.

आमचे मालक आणि संपादक आप्पा निजसुरे यांनी लेख एका दमात वाचला आणि चष्मा काढला.

“भूत कुठाय?”

“आप्पा, राखणदार...”

“राखणदार म्हणजे आठल्येच की! मला भूत हवंय. एक माणूस पाच दिवस चालतो आणि त्याच्या पायाला फोड येतात, हे मी दिवाळीला छापू? अहो, बायको विचारेल, यांना डॉक्टरकडे का नेलं नाही म्हणून!” त्यांनी पाने माझ्यापुढे सरकवली. “तीन पानं अजून लागतात. भरा.”

मी नाही म्हणू शकलो असतो. निदान आठल्यांना विचारू शकलो असतो. त्यांचे घर दोन गल्ल्यांवर होते. मी कागद ओढला. ओढ्यावर बसलेली पांढऱ्या केसांची बाई, भर दुपारी लेखकाच्या मागे चालणारी, चिखलात जिचे पाऊल उमटत नाही अशी. डोळ्यांत धूर. दर्यावर गेलेल्या मुलासाठी ती निरोप सांगत राहते, आणि शेवटी गावकरी लेखकाला सांगतात की ती अकरा वर्षांपूर्वीच मरण पावली आहे. तिची वाक्ये मी तिचीच ठेवली. तशी मला सुचली नसती. नवी कौले, बाळंत झालेली सून, सगळे. ते लिहिताना मला विलक्षण आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

अंक गाजला. वाचकांची पत्रे टोपलीने आली. दोन महिन्यांच्या दुखण्यातून उठून आठल्ये कार्यालयात आले तेव्हा मी त्या पत्रांत डोके खुपसून बसलो होतो. त्यांनी माझ्यासमोर बसून लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

“चांगलं जमलंय तुम्हांला,” ते म्हणाले. “फक्त चामखीळ राहिली.”

त्यानंतर पंधरा दिवसांनी बाबल गावकरांचे पत्र आले. आठल्यांनी निघताना गावाला अंक पाठवण्याचे कबूल केले होते, आणि कार्यालयाने यादीप्रमाणे तो पाठवला होता. ते पत्र माझ्यापाशी अजून आहे.

‘आपला अंक पोचला. मास्तरांनी तो देवळात सर्वांस वाचून दाखविला. भागीरथी मेस्त्री स्वतः हजर होती. स्वतः मयत असल्याचे ऐकून तिने कोणाशी वाद घातला नाही. छापून आले आहे, तर पुण्यात काही माहिती असल्याशिवाय कसे छापतील, असे ती म्हणते. त्या दिवसापासून ती ओढ्यावर जात नाही. मेलेल्या आईचे निरोप गेल्यास मुलगा परदेशात घाबरेल, असे तिचे म्हणणे. आम्ही कौल लावला. ती जिवंत असल्याबद्दल देवाने उजवा कौल दिला आहे. परंतु ती म्हणते, देव गावातला आहे, आणि अंक सगळीकडे जातो. तरी ती जिवंत आहे असा छापील मजकूर कृपया लवकर पाठवावा.’

मी पत्र आप्पांपुढे ठेवले. ते आधी हसले, मग गंभीर झाले, मग म्हणाले, “पुढचा अंक वर्षाने. आणि तेव्हा काय छापू? आमचं भूत ठणठणीत आहे म्हणून?”

आठल्ये दारात उभे होते. त्यांनी पत्र घेतले, दोनदा वाचले. मग त्याची घडी करून ती माझ्या हातात दिली. रागावले असते तर मला सोपे गेले असते.

दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघे खाली छापखान्यात गेलो. टाइप जुळवणारे जुळारी तुळपुळे जेवणाचा डबा उघडून बसले होते.

“शुद्धिपत्र आहे,” मी म्हणालो. “अंकाचाच टाइप हवा, अंकाचाच कागद.”

“किती प्रती?”

“एक.”

“एका प्रतीचं शुद्धिपत्र?” तुळपुळ्यांचा घास हातात राहिला. “अंक तर चार हजार निघाले!”

“चूक एकाच ठिकाणी लागली आहे,” आठल्ये म्हणाले.

तुळपुळ्यांनी हात धुतले. मी मजकूर सांगितला: पृष्ठ एकशे सतरा, दुसरा स्तंभ. ‘अकरा वर्षांपूर्वी मरण पावलेली’ याऐवजी ‘वेळुखोल येथे राहणारी’ असे वाचावे. त्याच पृष्ठावर ‘जिचे पाऊल उमटत नव्हते’ हे शब्द गाळावेत.

“खाली साहेबांचं नाव घालू?” तुळपुळ्यांनी विचारले.

“थांबा,” आठल्ये म्हणाले. “एक ओळ आणखी आहे.” त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि भिंतीला कागद टेकवून लिहिले. मी वाचले. मग मी त्यांच्याकडे पाहिले आणि शिवेच्या दगडापाशी त्यांचे ओठ इतका वेळ का हलत होते, ते मला कळले.

तो कागद घेऊन ते स्वतः वेळुखोलला गेले. टपालाने पाठवू म्हटले तर ऐकेनात. परत आल्यावर त्यांनी पुन्हा लेखणी धरली नाही. वाचकांना ते कळले नाही, कारण पुढची चौदा वर्षे दर दिवाळीला त्यांच्या नावाने मी लिहीत होतो. आसाम, नेपाळ, बस्तर यांपैकी काहीच न पाहता. लोक अजूनही भेटले की आठल्यांच्या वेळुखोलच्या बाईबद्दल बोलतात आणि अंगावर काटा आल्याचे सांगतात. मी मान डोलावतो. ज्या शुद्धिपत्राची एकच प्रत निघाली, त्याबद्दल कोणी विचारीत नाही. त्यावर तीन दुरुस्त्या होत्या. पहिल्या दोन माझ्या. तिसरी त्यांची, त्यांच्या नावाने छापलेल्या मजकुरातली सगळ्यांत खरी ओळ:

‘भागीरथीबाईंचा निरोप शिवेवर पोचता केला आहे. कौले नवी घातल्याचे आवर्जून सांगितले.’